बाबांच्या समोरची बारी

आमच्या घरी कणीक मळली की तिचा पहिला गोळा पोळीसाठी नसे, पखवाजासाठी असे. शनिवारी संध्याकाळी बाळाकाका पखवाज खांद्याला लावून यायचे, दाराबाहेर चपला काढता काढताच "वहिनी, कणीक," म्हणायचे, आणि आई परातीतून लिंबाएवढा गोळा तोडून त्यांच्या तळहातावर ठेवायची. पखवाजाच्या डाव्या तोंडावर ओली कणीक थापावी लागते, त्याशिवाय तो घुमत नाही. बाळाकाका ती इतक्या मायेनं थापायचे की आईला राहवायचं नाही. "घरात बायकोच्या भाकरीक ह्येनी कधी हात लावलो नाय, आनी हय बघा," असं ती आतल्या खोलीत येऊन मला सांगायची, पण इतक्या मोठ्यानं की ते बाळाकाकांनाही ऐकू जावं. मग बाबा पेटी उघडायचे, झांजवाले झांजा काढायचे, मागे कोरसाची मंडळी एकमेकांच्या मांड्यांवर मांड्या टाकून बसायची आणि ठाण्याच्या कोपरीतल्या आमच्या त्या दोन खोल्यांतल्या बाहेरच्या खोलीत मांजरालासुद्धा जागा उरायची नाही. मी आतल्या खोलीत अभ्यास करायचे. करायचे म्हणजे काय, पुस्तक उघडं असायचं. भिंतीपलीकडे गजर चढत जायचा, शेल्फावरच्या पेल्यांना कापरं भरायचं, आणि आई घावण्यांचा तवा खाली उतरवून काळ्या वाटाण्याचं सांबार ढवळत त्याच लयीत मान हलवत असायची. तिला विचारलं तर म्हणायची, "माका नाय काय्येक कळना त्यातला."

बाबा दिवसा एका औषधाच्या कंपनीत फिटर होते आणि संध्याकाळी बुवा. भजनी बुवा. ज्यांनी डबलबारी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगते, बाकीच्यांनी पुढे जावं. दोन बुवा आपापली मंडळी घेऊन समोरासमोर बसतात. आधी एकाची बारी, मग दुसऱ्याची. स्तवन, अभंग, गौळण. हे सगळं देवासाठी. त्यानंतर जे होतं ते माणसांसाठी, त्याला झगडा म्हणतात. एका बुवानं गाण्यातून प्रश्न टाकायचा, दुसऱ्यानं गाण्यातूनच उत्तर द्यायचं, मध्ये मध्ये टोमणे, लोकांचं हसणं, शिट्ट्या. उत्तर आलं नाही तर हरला. शेवट पुन्हा देवाकडे, नामाच्या गजरानं. आमच्या लहानपणी ठाण्यापासून कल्याणपर्यंत जिथे जिथे मालवणी माणूस चाळीत राहायला आला तिथे तिथे पूजेला, नवरात्रात डबलबारी होतीच.

आणि डबलबारीचं हँडबिल निघायचं. गुलाबी किंवा पिवळ्या पातळ कागदावर, दोन बुवांचे फोटो दोन बाजूंना, मध्ये ठळक अक्षरात ‘जंगी सामना’. प्रत्येक बुवाच्या नावावर त्याच्या गुरूचं नाव छापलेलं. त्याशिवाय बुवाला कोणी बुवा म्हणत नसे. बाबांचे गुरू गावचे, मी जन्मायच्या आधीच वारलेले, त्यांचा फोटो आमच्या देव्हाऱ्याच्या बाजूला होता आणि बाबा रोज त्याला हात जोडायचे. बाबांना लागलेली खंत एकच. त्यांच्या नावाच्या वर नाव होतं, खाली कोणी नव्हतं. शिकायला पोरं यायची, मिशी फुटेपर्यंत टिकायची, नोकरी लागली, लग्न झालं की गायब. माझा मोठा भाऊ भजन सुरू झालं की क्रिकेटला पळायचा. "माझ्यामागे ह्या सगळा मसणात जातला," असं बाबा कधी कधी जेवताना म्हणायचे आणि आई त्यांच्या पानात आणखी एक घावणा टाकायची. मी तिथेच बसलेली असायचे. लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून मी पेटीचा भाता ओढलेला, त्यांच्या बोटांवर बोटं ठेवून पट्ट्या ओळखलेल्या, चुकले की टपली खाल्लेली. पण त्याला कोणी शिकणं म्हणत नव्हतं. मुलगी बुवा होऊ नये असं कोणी म्हटलं नव्हतं, ते कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्याही नाही.

कॉलेजात मला केदार भेटला. डोंबिवलीचा, बँकेतल्या वडिलांचा एकुलता, गिटारवाला. त्याच्याकडे परदेशी बँडांच्या कॅसेटी होत्या, कुठून कुठून कॉपी करून आणलेल्या, त्यांच्यावर त्याच्या बारीक अक्षरात नावं. त्यातल्या काही मला पहिल्यांदा ऐकवल्या तेव्हा मी सरळ म्हटलं, "ह्यांचा गाणारा शुद्धीवर नाहीये." पण आठवड्याभरात मी त्याच कॅसेटी उशाशी घेऊन झोपत होते. केदारनंच जितूला शोधून काढलं. जितू मानपाड्याचा, त्याच्या काकांची बेंजो पार्टी होती आणि हळदीच्या कार्यक्रमांत वाजवून त्याचे हात इतके तयार झालेले की ड्रमसेट त्यानं पहिल्यांदा पाहिला त्याच दिवशी वाजवला. मी कीबोर्ड आणि गाणं. आमची तालीम मानपाड्याला, जितूच्या काकांच्या बेंजोचं सामान ठेवायच्या खोलीत. बाजूला एमआयडीसी. कुठल्या तरी कारखान्यातून कधी कुजक्या फळांसारखा, कधी फिनेलसारखा वास यायचा आणि आम्हाला त्याची इतकी सवय झालेली की वास आला नाही तर जितू म्हणायचा, "आज सुट्टी आहे काय रे कोणाला?"

बँडचं नाव सांडशी. केदारला इंग्लिश नाव हवं होतं, पण ते दोघं आमच्या घरी चहाला आले असताना आईच्या हातून सांडशी पडली, तिचा खणकन आवाज झाला आणि जितू म्हणाला, "हेच." सुरुवातीची आमची गाणी इंग्लिश होती. त्यांत बर्फ होता, हायवे होता, सोडून गेलेल्या मुली होत्या. आमच्यापैकी कोणी बर्फ पाहिला नव्हता, हायवे म्हणजे आम्हाला कल्याण-शीळ रस्ता, आणि मुलगी बँडमध्ये एकच होती आणि ती कुठेही जात नव्हती. पण आम्ही मन लावून गायचो. कॉलेजांच्या फेस्टिवलांमध्ये चार-पाच बँड एकामागोमाग एक वाजवायचे, प्रत्येकाला तीन गाणी, मग खाली उतरा. दुसरा बँड वाजवत असताना आपण कोपऱ्यात उभं राहून त्यांच्या ड्रमरला नावं ठेवायची. फॉर्मवर एक रकाना असायचा, इन्फ्लुएन्सेस, म्हणजे तुमच्यावर प्रभाव कोणाचा. केदार तो फार प्रेमानं भरायचा. तीन-चार परदेशी बँडांची नावं तो अशी लिहायचा जशी काही ती त्याची मामेभावंडं आहेत.

परवा एका चुणचुणीत मुलानं मुलाखतीसाठी फोन करून मला तोच प्रश्न विचारला. आता आमच्यासारख्यांना इंडी बँड म्हणतात, तेव्हा बिनकामाचे म्हणत. "मॅम, तुमचे इन्फ्लुएन्सेस?" मी म्हटलं, थोडं बसून सांगावं लागेल. तो म्हणाला, "दोन ओळीत चालेल." चालत नाही. म्हणून हे प्रकरण लिहायला घेतलं.

आम्ही कॉलेजात असतानाच एका वर्षी आमच्या चाळीच्या मंडळाच्या सत्यनारायणाच्या पूजेला बाबांच्या समोर कल्याणचे एक बुवा बसणार होते. ऐन वेळी त्यांची आई आजारी पडली आणि ते गावाला गेले. मंडळाचा सेक्रेटरी विलासदादा एका संध्याकाळी आमच्याकडे आला. चांगला माणूस, पण त्याला कुठलीही गोष्ट आडून बोलता यायची नाही. चहाचा पहिला घोट घेऊनच म्हणाला, "बुवा, खरं सांगतो, वाईट वाटून घेऊ नका. पोरं आता भजनाला बसत नाहीत. कमिटीत सगळे म्हणतायत, पुढच्या वर्षीपासून ऑर्केस्ट्रा ठेवू. मी म्हटलं, थांबा. तुमची मधू बँडमध्ये गाते ना? तिलाच बसवू तुमच्या समोर. पोरं येतील, म्हातारे येतील. बुवा जिंकले, रंग भरला, तर भजन राहील, माझी जबाबदारी. पण पडलात, तर मग माझ्या हातात काही नाही."

आई आतून म्हणाली, "शी, बापलेकीत झगडो लावतंस?" मी काही बोलायच्या आधी बाबांचा चेहरा पाहिला. मला वाटलं होतं ते चिडतील. ते मिशीत हसत होते.

"आयकलंस काय गो? माझ्यासमोर बसतलंस?"

"बाबा, मला नाही बसायचं."

"कित्या? भियातंस?"

विलासदादा गेल्यावर ते माझ्याजवळ येऊन बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "एक सांगतंय. बसलंस तर नीट गा. माझी बारी रव्हाची म्हणान मुद्दाम हरलंस तर माका सगळ्यात आधी कळतला. आनी मगे माझ्याशी बोलू नको." बाबा ओरडले असते तर मला इतकं अवघड वाटलं नसतं. मी जिंकले तर कोपरीतलं त्यांचं भजन माझ्यामुळे बंद होणार होतं, आणि जाणूनबुजून हरले तर बाप बोलायचा थांबणार होता. त्यात केदार आणि जितू खूष. आपल्या माणसांसमोर वाजवायची ही त्यांची पहिली वेळ. त्यांना मी काय म्हणून नको म्हणणार होते?

हँडबिल छापायला विलासदादानं केदारकडे बँडची माहिती मागितली, आणि विचारलं, "गुरू कोण तुमचे?" केदारला वाटलं, फेस्टिवलसारखंच विचारतायत. त्यानं नेहमीप्रमाणे भरून दिलं. आणि प्रेसवाल्यानं सवयीनं वर ‘गुरुवर्य’ आणि खाली ‘यांचे परमशिष्य’ जोडून टाकलं. दोन दिवसांनी कोपरीभर, स्टेशनपर्यंत, पानाच्या टपऱ्यांवर पिवळी हँडबिलं लागली. एका बाजूला फेटा बांधलेले बाबा, आणि दुसऱ्या बाजूला आम्ही तिघं, वर इंग्लंडातले एक गुरुवर्य आणि अमेरिकेतले दोन. नावं इथे देत नाही, त्यातले काही अजून हयात आहेत आणि त्यांना हे कळायची गरज नाही. चाळीत माझी इतकी थट्टा झाली की मी नळावर जायची थांबले. शेजारच्या काकी विचारायच्या, "गुरुपौर्णिमेला दक्षिणा पोस्टाने पाठवतेस की समक्ष जातेस?" बाबांनी हँडबिल वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं. तेवढ्यावरून बाळाकाकांना कळलं. ते मला जिन्यात गाठून म्हणाले, "मधू, झगड्यात तो तुका गुरूच इचारतलो. दुसरा काय नाय इचारूचो."

बाळाकाकांनीच मला दंडक समजावला. आमच्या भागातल्या जुन्या मंडळींचा तो कायदाच होता. समोरच्यानं गुरू विचारला तर उत्तर द्यावंच लागतं, गप्प बसता येत नाही. आणि समोर बसलेल्या बुवालाच गुरू म्हटलं तर बारी तिथेच सुटली. शिष्य गुरूसमोर झगडा करत नाही. म्हणजे हरला.

मानपाड्याच्या खोलीत आम्ही तिघं डोकं धरून बसलो. केदार स्वतःवर चिडलेला. "मला काय माहीत ते गुरू म्हणून छापतील? इन्फ्लुएन्स वेगळं आणि गुरू वेगळं."

"काय वेगळं?" जितू म्हणाला. "ज्याच्याकडून उचललं तो गुरू."

"मग मधूच्या बाबांचं नाव घ्यायचं?"

"नाव घेतलं की हरलो," मी म्हटलं. "आणि बाबांना वाटेल मी मुद्दाम हरले."

मग आम्ही उत्तर बांधायला घेतलं. चार ओळी. तीन ओळींत आम्ही खरं ते घातलं, कारण खोटं काही सुचेनाच. चौथी ओळ केदारनं काढली. सगळ्यांकडून घेतलं, पण आमचा गुरू म्हणजे आमचा कानच, अशी. ओळ चोख होती. झगड्यात अशाच ओळीवर माणूस जिंकतो, प्रश्नही सुटतो आणि समोरच्याला टोलाही बसतो. मी ती पाठ केली. शिवाय बारी गजरानं संपवावी लागते म्हणून आम्ही एक गजर केला. शब्द नामाचे, चाल माझी, खाली जितूचा हळदीचा ठेका आणि केदारची गिटार. त्यात शब्द ठोक्यावर नाही, ठोक्याच्या जरासा आधी पडायचा. आमचं पहिलं मराठी गाणं ते. बर्फ नाही, हायवे नाही. ते वाजवून झालं की कोणी न सांगता आम्ही ते पुन्हा पहिल्यापासून घ्यायचो. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हा बँड टिकेल.

पूजेच्या दिवशी भोंग्यांच्या कायद्यामुळे कार्यक्रम दुपारीच सुरू झाला. चाळीच्या चौकात मांडव, एका बाजूला देव आणि केळीचे खांब, समोर सतरंज्या, तुपातल्या शिऱ्याचा वास सगळीकडे. विलासदादाचं खरं ठरलं. पोरं कठड्यांवर, जिन्यावर, पाण्याच्या टाकीवर चढून बसलेली. डोंबिवलीहून केदारचे आईवडील आले आणि खुर्च्या नाहीत म्हणून त्याची आई सरळ आमच्या आईशेजारी सतरंजीवर बसली. मानपाड्याहून जितूचे काका टेम्पोभर माणसं घेऊन आले.

पहिली बारी बाबांची. मी त्यांना शंभर वेळा ऐकलं होतं, पण समोर बसून कधी नाही. बाजूच्या खोलीतून ऐकलेला आवाज आणि आपल्याकडे बघत गाणारा माणूस, यांत फार फरक असतो. अभंगाला त्यांनी सूर लावला आणि टाकीवरची पोरंसुद्धा गप्प झाली. बाळाकाकांचा पखवाज असा बोलत होता की जितू माझ्या कानात म्हणाला, "आई शप्पथ, हे रोज तुझ्या घरात चालायचं? आणि तू आम्हाला आत्ता सांगतेस?" मग आम्ही गायलो. दोन आमची गाणी, मधे एक गौळण गिटारवर. पोरांनी शिट्ट्यांनी मांडव डोक्यावर घेतला. आमचे सूर बरे लागले. म्हाताऱ्यांपैकी काही उठून गेले, काही टाळी धरून बसले. विलासदादा घाम पुसत दोन्ही बाजूंना बघत होता. आमचा गजर आम्ही शेवटासाठी राखून ठेवला होता.

आणि बाबांनी झगड्याला हात घातला. आधी खिशातून ते हँडबिल काढलं, चष्मा लावला, आणि आमच्या गुरुवर्यांची नावं एकेक करून वाचली, अशा उच्चारात की ती नावं वेंगुर्ल्याची वाटावीत. मांडव हसून लोळला. केदारचे कान लाल. मग बाबांनी चष्मा काढला, पेटीवर सूर धरला आणि गायले:

"सातासमुद्रापल्याड बाई, तुझ्या गुरूचं गाव,
कधी त्याने हाक मारिली घेऊन तुझं नाव?
कधी धरिला हात पेटीवर, चुकता कधी टोकली?
सांग भरल्या सभेत, विद्या कुणाच्या दारी शिकली?"

कोरसानं शेवटची ओळ उचलली, पुन्हा, पुन्हा, झांजा चढत गेल्या आणि एकदम थांबल्या. आता माझी पाळी. जितूनं ठेका धरला. मी पहिली ओळ गायले.

"बाळाकाकाचा डावा हात, त्याने ताल शिकविला..."

बाळाकाकांनी पखवाजावरचा हात उचलला आणि तो कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. लोक ओरडले. दुसरी ओळ:

"मानपाड्याच्या हळदीमध्ये ठेका पायी भिनला..."

टेम्पोतून आलेली सगळी माणसं उभी राहून नाचायला लागली. तिसरी:

"डोंबिवलीच्या कॅसेटीतून दूरदेशी सूर आला..."

केदारनं गिटारवर त्या परदेशी गुरुवर्यांपैकी एकाचा तुकडा वाजवला आणि पोरं खूष झाली. आता चौथी. पाठ केलेली ओळ माझ्या जिभेवर होती. ती म्हटली असती तर आम्ही जिंकलो असतो, हे मला आजही ठाऊक आहे. पण मी समोर पाहिलं. बाबा पुढे वाकून बसले होते, भाता एका हातानं धरून ठेवलेला. माझी फजिती बघायला नव्हे. त्यांनी विचारलं होतं ते झगड्यासाठी म्हणून, पण त्यांना खरंच ऐकायचं होतं. हा माणूस आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांत शिष्य शोधत फिरला आणि मी त्याच खोलीत होते, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी मुकाट्यानं कानाला गुरू म्हणून निघून जाणार होते. मी केदारकडे वळले. तो माझ्या तोंडाकडेच बघत होता. ओळ त्याची होती, जिंकायचं सगळ्यात जास्त त्याला होतं. तो माईकपासून तोंड बाजूला करून म्हणाला, "घे गं नाव. खरं तर तेच आहे."

मी गायले:

"पण पेटीवरचा पहिला सा, बाबा, तुम्हीच दाविला."

जितूचा ठेका थांबला. मग मागून कोणीतरी ओरडलं, "हरली! मधू हरली! बारी सुटली!" आणि सगळीकडे एकच गलका. विलासदादा माईककडे धावला, त्याला जाहीर करायचं होतं. बाबांनी हात वर करून त्याला थांबवलं. ते हसत नव्हते. माईक तोंडाशी ओढून त्यांनी भर मांडवात मला विचारलं, "खरा सांगतंस, की बापावर उपकार करतंस?"

मला रडू येत होतं आणि रागही आला. "बाबा, मी कुठेही वाजवायला बसले की आधी तुमचा सा लावते. तो लागल्याशिवाय मला गाता येत नाही. ह्या दोघांना विचारा."

"खरंय बुवा," जितू त्याच्या माईकवरून म्हणाला. "आधी तुमचा सा, मग गाणं. कॉलेजात आमची पाच मिनिटं त्यातच जातात. वैतागलोय आम्ही."

मांडव हसला. बाबांनी जितूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, फेटा काढला आणि त्यानंच डोळे पुसले. माझ्या आठवणीत बाबा लोकांसमोर रडलेले ती एकच वेळ. आई सतरंजीवर उठून उभी राहिलेली, आणि केदारच्या आईनं तिचा हात धरलेला.

पुढच्या वर्षांचं इथेच सांगून टाकते, कारण नंतर मला ते सांगायचं राहील. भजन बंद झालं नाही. दंडकाप्रमाणे बाबा जिंकले होते, विलासदादानं शब्द पाळला, आणि सांडशी बाबांची झाली. पूजेला त्यांच्या बाजूनं आम्हीच बसू लागलो, समोर कोणी ना कोणी बुवा असायचे, आणि त्यांची फार पंचाईत व्हायची. तिथून टेंभी नाका, कल्याण, मग मुंबईत तिकीट लावून. बाबा जाईपर्यंत ते चाललं. आज केदारला दम लागतो, जितूच्या गुडघ्यांनी संप केलाय, पण महिन्यातून एकदा आम्ही जमतोच.

पण त्या दुपारी कार्यक्रम अजून संपायचा होता. बाबा उठले. सगळ्यांना वाटलं, हार घ्यायला उठले. ते मांडव ओलांडून आमच्या बाजूला आले. "शिष्य गाता तेव्हा गुरून मागे बसाचा आसता," असं माईकवर सांगून ते खरोखरच माझ्या मागे जाऊन मांडी घालून बसले, कोरसाच्या जागी. आयुष्यात ते कोणाच्या मागे कोरसाला बसले नव्हते. बाळाकाकाही पखवाज उचलून जितूशेजारी आले. "गजर रवलो हा ना तुमचो?" बाबा म्हणाले. "घे."

मी आमचा गजर सुरू केला. माझी पट्टी त्यांच्यापेक्षा कितीतरी वरची, त्यांचा आवाज ताणून ताणून फाटत होता, तरी सगळ्यांत मोठा तोच. आणि ते मागे पडत होते. शब्द आधी टाकायचा हे त्यांना माहीत नव्हतं, त्यांच्या सवयीनं ते बरोबर ठोक्यावर येत होते, दर ओळीला. मी एकदा दुर्लक्ष केलं, दोनदा केलं. तिसऱ्यांदा मला राहवेना. हात वर करून मी गाणं थांबवलं आणि सगळ्या चाळीसमोर मागे वळून म्हटलं, "बाबा, उशिरा येताय. शब्द आधी पडतो."

बुवाला असं कोणी बोलत नसे. बाबांनी लगेच मान हलवली, पाठ सरळ केली, सावरून बसले.

"होय गो, चुकलंय मी," ते म्हणाले. "परत घे."